तीस सेकंदांचा ऐवज

आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या मापाने सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर तीस सेकंदांच्या जाहिरातपटात अवघ्या 750 चौकटी मावतात. आणि एवढ्याशा जागेत घराण्याची तीन पिढ्यांची कीर्ती, मालाचे यच्चयावत प्रकार, दुकानाच्या सर्व शाखा, दिवंगत संस्थापकांची तसबीर, फोन नंबर आणि शिवाय एखादे गाणे, असा सगळा संसार बसवून मिळावा, अशी अपेक्षा घेऊन व्यापारी गृहस्थ स्वतंत्र चित्रपटकाराकडे येतात. ही अपेक्षा अस्वाभाविक म्हणता येत नाही. ज्याने आयुष्यभर खपून माल बाजारात उभा केला, त्याला त्यातले काय गाळावे हे सुचणे कठीणच. ते सुचणे हे दिग्दर्शकाचे काम, आणि त्याला मिळणारा मोबदला मुख्यतः याच कामाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या मोठ्या जाहिरातसंस्थेत लिहिणारा, चित्रे काढणारा, ग्राहकाशी बोलणारा आणि हिशेब राखणारा अशी माणसे वेगवेगळी असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या एकट्या तरुणाकडे ही सारी खाती येतात, आणि त्यातून पुष्कळदा असा समज रुजतो की जाहिरात ही पोटापाण्याची तजवीज असून खरी कला अन्यत्र आहे. हा समज मला मान्य नाही. श्याम बेनेगल यांनी कथापटाकडे वळण्यापूर्वी वर्षानुवर्षे जाहिरातपटच केले होते, आणि 1974 साली आलेला त्यांचा ‘अंकुर’ ज्या ब्लेझ संस्थेच्या भांडवलावर उभा राहिला, तिचा व्यवसाय चित्रगृहांतून जाहिरातपट दाखविण्याचा होता. थोडक्यात काय घ्यावे आणि काय सोडावे याचे जे शिक्षण या कामात मिळते, ते अन्य ठिकाणी इतक्या लवकर मिळत नाही.

हे सारे अमूर्तपणे सांगत बसण्यापेक्षा एका कामाचीच हकीकत सांगतो. कोल्हापुरातील एका कुटुंबाची कांदा-लसूण चटणी आसपासच्या तालुक्यांत चांगली खपते; त्या चटणीचा जाहिरातपट करावयाचा होता. मालकांची मूळ कल्पना अशी की सजविलेल्या ताटाभोवती एक सुखी कुटुंब बसलेले दाखवावे, पहिला घास घेताच सर्वांनी एकमेकांकडे पाहून मान डोलवावी आणि वर गाणे वाजावे. असे पट प्रेक्षकाने इतके पाहिले आहेत की त्याची दृष्टी त्यांवरून निसटून जाते. मी काहीच न सुचविता कांडपाच्या जागी जाऊन बसण्याची परवानगी तेवढी मागितली. आमच्या धंद्यात जागेच्या पाहणीला रेकी म्हणतात, आणि ती बहुधा खिडक्या, विजेची जोडणी व गाड्या उभ्या करण्याची सोय पाहून अर्ध्या तासात आटोपली जाते. माझ्या मते रेकी म्हणजे त्या जागेचे काम आरंभापासून अखेरपर्यंत, कॅमेरा न काढता, एकदा पूर्ण पाहणे.

चैत्र-वैशाखात तेथे वर्षाची बेगमी चालते. रंगासाठी सुरकुतलेली गडद ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, अशा मिरच्यांचे ढीग उन्हात कडकडीत वाळत असतात. बायका देठ खुडीत बसलेल्या असतात. एकीकडे धणे, तीळ आणि सुके खोबरे भाजल्याचा वास, दुसरीकडे तळलेल्या कांद्याचा. आणि या सर्वांवर कांडपाच्या लोखंडी मुसळांचा, भिंतीतून पायांपर्यंत पोचणारा, अखंड ठोका. उखळाशी एक वयस्क बाई बसल्या होत्या, ज्यांना तेथे सर्वजण मावशी म्हणत. कांडप थांबले की त्या चिमूटभर चटणी उचलीत, अंगठा आणि तर्जनी यांत ती दाबीत, बोटे उघडून उजेडाकडे धरीत आणि बोटाच्या पेरावर तेलाचा ओशटपणा उतरला आहे की नाही ते पाहात. एकदा त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “आजून त्याल सुटलं न्हाई. परत घाला.” सगळा घाणा पुन्हा उखळात गेला. वजनकाटा नाही, घड्याळ नाही; त्या चिमटीचा निकाल हाच अखेरचा हुकूम.

माझा जाहिरातपट मला तेथे मिळाला. चटणी विकत घेणाऱ्या गृहिणीला जी एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते, ती म्हणजे आपल्या वतीने कोणी हे नीट पाहिले आहे काय. आणि त्याचे उत्तर शब्दाविना त्या बोटांत होते. चिमूट, नकार, पुन्हा कांडप, पुन्हा चिमूट, होकार आणि शेवटी बरणीचे दर्शन: यात एक अडचण आहे, एक निर्णय आहे आणि एक पूर्तता आहे, म्हणजे कथेला लागणारे सर्व काही आहे. मालकांनी साहजिकच विचारले, “सर, ह्यात आमचं दुकान कुठं आलं?” मी त्यांना कागदावर काढलेल्या चौकटी दाखवल्या, प्रत्येकीखाली तिचे सेकंद लिहून, आणि दुकानाची पाटी कोठे घालावयाची असेल तर तेवढे सेकंद कोठून कापावयाचे ते आपणच सांगावे, अशी विनंती केली. असा सेकंदांचा ताळेबंद समोर ठेवला की वादविवाद संपतो; व्यापाऱ्याला हिशेब आपल्यापेक्षा अधिक कळतो. मंजूर चौकटींवर त्यांची सही घेतली, आणि मंजुरी देणारी व्यक्ती एकच असावी, काका, भाचे व जावई यांचे अभिप्राय तिच्यामार्फतच यावेत, हेही त्याच कागदावर लिहून घेतले.

आता प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या काही गोष्टी, ज्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत. मिरचीचा लाल रंग हा डिजिटल कॅमेऱ्याची कसोटी पाहणारा शत्रू आहे. पडद्यावर एकंदर प्रकाश यथायोग्य दिसत असतानाच लाल वर्णाची मर्यादा ओलांडली गेलेली असते, आणि मग चटणीचा कण न् कण दिसण्याऐवजी एक सपाट लाल डाग दिसतो, जो पुढे संकलनात कितीही खटाटोप केला तरी सुधारत नाही. म्हणून तीन वर्णांचे आलेख वेगळे पाहावेत आणि लाल वर्ण सुरक्षित राहील इतका प्रकाश कमी घ्यावा. सावल्या नंतर उजळता येतात. प्रकाश समोरून टाकू नये. पदार्थाच्या पाठीमागून, किंचित बाजूने आलेल्या तिरप्या उजेडात भुकटीचा पोत, तेलाची चकाकी आणि हवेत उडणारे कण ही तिन्ही उमटतात, आणि समोरचा काळोख थर्मोकोलच्या एका पांढऱ्या पत्र्याने सौम्य करता येतो. हा पत्रा अत्यल्प किमतीचा असतो. भाड्याने आणलेल्या दिव्यांइतकेच त्याने माझे काम केले आहे.

दुसरी अडचण विजेची. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो, त्यामुळे साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. शटर 1/50 वर असताना प्रत्येक चौकटीत दोन स्पंदने पूर्ण सामावतात व डोळ्याला काही जाणवत नाही; परंतु मुसळाचा आघात मंदगतीत दाखवावा म्हणून सेकंदाला 100 चौकटी आणि शटर 1/200 असे ठरविले, की प्रत्येक चौकटीच्या वाट्याला अर्धेच स्पंदन येते आणि चित्रात उजेड-काळोखाचे पट्टे उमटू शकतात. मंदगतीचे सर्व भाग आम्ही दिवे मालवून, छपराच्या काचेतून येणाऱ्या उन्हाच्या वेळेत घेतले, आणि दिवसाचा सारा क्रम त्या उन्हाच्या तिरपीभोवती बांधला.

तिसरी गोष्ट धुळीची. तिखटाची भुकटी भिंगावर बसली असता ती फडक्याने पुसणे म्हणजे काचेवर ओरखडे ओढणे होय. ती फुंकणीने उडवावी, पुढे संरक्षक काच लावावी आणि कांडपाच्या खोलीत भिंग कधीही बदलू नये. माणसांसाठी मुखपट्टी व चष्मे आधीच न्यावेत. एखाद्या लाइटमनचे डोळे झोंबू लागल्यावर काम तहकूब करावे लागते, आणि तसे ते करावेच. तेथे नित्य काम करणाऱ्यांची सवय आपल्या माणसांवर लादू नये.

ध्वनीविषयी स्वतंत्र चित्रपटकार फार उदासीन असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. तयार संग्रहातून विकत घेतलेले संगीत त्या चित्राखाली घालण्याचे काही कारण नव्हते, कारण कांडपाचा ठोका हाच तालाचा पक्का आधार होता. तो जवळून घेतला तर आवाज फाटतो. म्हणून दारापाशी एक आणि अंगणात एक असे दोन ध्वनिग्राहक ठेवून तो स्वतंत्रपणे मुद्रित केला आणि संकलनातील प्रत्येक छेद त्या ठोक्यावर पाडला. मावशी चिमूट दाबतात तेथे ठोका थांबतो, आणि त्या शांततेतच प्रेक्षकाचे लक्ष त्यांच्या बोटांवर येऊन ठेपते. निवेदन ठेवले ते शेवटच्या वाक्यापुरते. तीस सेकंदांत मराठी वाचिक निवेदन साठ शब्दांपलीकडे गेले की घाई ऐकू येते. शिवाय आज अनेक जण मोबाइलवर आवाज बंद ठेवूनच पाहतात, तेव्हा अर्थ चित्रातूनच कळला पाहिजे आणि जे बोललेच पाहिजे ते अक्षरांतही उमटले पाहिजे. मोबाइलसाठी उभी आवृत्ती काढावयाची असेल, तर आडव्या चौकटीच्या रुंदीचा एकतृतीयांशाहूनही कमी भाग हाती उरतो हे चित्रीकरणाच्या वेळीच ध्यानात घेऊन मुख्य क्रिया मध्यभागी ठेवावी. दूरचित्रवाणीचा दर दहा सेकंदांच्या हिशेबाने आकारला जातो. म्हणून दहा सेकंदांची छोटी आवृत्ती कशी निघेल याचाही विचार आरंभीच हवा.

मालकांना शेवटी ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ आणि ‘पारंपरिक’ हे तिन्ही शब्द हवे होते. अन्नपदार्थांच्या जाहिरातींविषयीच्या 2018 च्या विनियमांनी अशा शब्दांच्या वापरावर अटी घातल्या आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही माहिती मी त्यांच्यापुढे ठेवली, आणि तिन्ही शब्द त्यांनी आपणहून सोडले. पटाचे त्यात काही बिघडले नाही. जे विशेषणाने सांगावयाचे होते ते चिमटीने आधीच सांगून झाले होते.

मावशींचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या तेथील रोजंदारीवरील कामगार असल्याने त्यांचे चित्रण मालकाच्या परवानगीने आपोआप होते, असा सार्वत्रिक प्रघात आहे; तो मी अन्यायाचा समजतो. ज्यांच्या हातावर आणि चेहऱ्यावर तो माल विकला जाणार, त्यांना पट कोठे व किती काळ दाखविला जाईल हे त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे, त्यांची लेखी संमती घ्यावी आणि रोजगाराखेरीज कलावंताचा मोबदला त्यांना द्यावा. अंदाजपत्रकात ही रक्कम आम्ही स्वतंत्र लिहिली, आणि ती लिहिता यावी म्हणून ड्रोनचे एक दिवसाचे भाडे वगळले. आकाशातून दिसणाऱ्या कोल्हापुराने त्या चटणीत काही भर पडली नसती.

जे तरुण आज कोल्हापूर, सांगली, नाशिक, लातूर अशा ठिकाणी हे काम हाती घेत आहेत, त्यांना माझी एक आग्रहाची विनंती आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 असे सांगते की मोबदल्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रपटाचा पहिला हक्कदार, विरुद्ध आशयाचा करार नसेल तर, सांगणाराच ठरतो. म्हणजे करारनामा केला नाही, तर स्वतःचे काम स्वतःच्या नमुन्यांत दाखविण्याचा अधिकारही तुम्ही गृहीत धरू शकत नाही. तेव्हा पट किती आवृत्त्यांत द्यावयाचा, दुरुस्त्या किती वेळा करावयाच्या, न वापरलेले चित्रण कोणाकडे राहावयाचे, नमुना म्हणून तो दाखविण्याची मुभा आणि रकमेचे हप्ते, म्हणजे निम्मी रक्कम बयाणा म्हणून, काही चित्रीकरण संपताच आणि उरलेली अंतिम प्रत हवाली करण्यापूर्वी, एवढी कलमे साध्या मराठीत एका पानावर लिहा, दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या, आणि त्यानंतरच कॅमेऱ्याचे भाडे भरा.