मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ घडतात कसे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की भिंतीवर कार्टून रंगवलेली खोली, टेबलावर खेळणी आणि गोड बोलणारी एखादी ताई डोळ्यांसमोर येते. त्या ताई बहुधा समुपदेशक असतात, डॉक्टर नसतात. गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

‘मुलांशी गप्पा मारायला एमबीबीएस कशाला?’

एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजी, त्यानंतर एमडी सायकियाट्रीची तीन वर्षं. पुढे बाल व किशोरवयीन मानसोपचारात डीएम करायचं असेल तर पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि आणखी तीन वर्षं. परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं सोडली तरी बेरीज साडेअकरा होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वाट वेगळी. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी लागते. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं क्षेत्र. औषध ते लिहून देत नाहीत.

वैद्यकीय पायाभरणी लागते, कारण मुलाची मनाची तक्रार कधीकधी शरीराची निघते. वर्गात मध्येच हरवणाऱ्या मुलीला फिटचा एक प्रकार असू शकतो. बोलायला उशीर झालेल्या मुलाला आधी नीट ऐकू येतं का, हे तपासावं लागतं. ते न तपासता ऑटिझमचं लेबल लावलं तर वर्षं वाया जातात.

‘मोठ्यांचं शिकलं की लहानांचं आपोआप येतं’

हा गैरसमज डॉक्टरांमध्येही भेटतो, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारा हाच. मोठा माणूस बहुतेक वेळा आपली तक्रार आपण घेऊन येतो. मुलाला कोणीतरी ‘आणतं’. तक्रार आईची असते, वर्गशिक्षिकेची असते, कधी आजीची. मुलाची स्वतःची तक्रार काय, हे शोधावं लागतं. प्रशिक्षणाचा मोठा भाग हे शोधायला शिकण्यातच जातो.

समजा, सातवीतला मुलगा महिनाभर शाळेत जात नाही. सकाळी पोटात दुखतं, उलटीसारखं होतं. सोनोग्राफी स्वच्छ. बाबा म्हणतात, “नाटकं आहेत सगळी.” नवखा रेसिडेंट नैराश्याची प्रश्नावली काढतो. वरिष्ठ त्याला थांबवून साधे प्रश्न विचारायला लावतात. दुखणं रविवारी रात्री सुरू होतं की सोमवारी सकाळी? दिवाळीच्या सुट्टीत दुखलं का? कुठल्या तासाच्या दिवशी जास्त? रिक्षात बसताना की वर्गाच्या दारात? घरात अलीकडे कोणी आजारी पडलं का? शाळेच्या वह्या आणल्यात का?

वह्या उघडल्या की पुष्कळ कळतं. मराठीच्या वहीत काना-मात्रा जागेवर नाहीत, फळ्यावरून उतरवलेलं अर्धवट, गणितात मात्र तोंडी उत्तरं बरोबर. म्हणजे पोटदुखीच्या मागे वाचनलेखनाची अडचण असू शकते, आणि तिच्यामागे वर्गात मोठ्यानं वाचायला लावल्यावर होणारं हसू. किंवा वह्या ठाकठीक आहेत आणि आजोबा गेल्यापासून मुलगा आईला नजरेआड होऊ देत नाही. पहिल्या मुलाची आधी शिकण्याची चाचणी करावी लागेल, दुसऱ्याला आईपासून थोडं थोडं दूर राहण्याची सवय लावावी लागेल. नैराश्याच्या प्रश्नावलीत दोघांचेही गुण कदाचित सारखेच आले असते.

म्हणून या शाखेतल्या डॉक्टरला वाढीचे टप्पे पाठ असावे लागतात, शाळेशी बोलता यावं लागतं, आईवडिलांना खुर्चीत बसवून त्यांच्यावर ठपका न ठेवता त्यांचं वागणं बदलायला लावता यावं लागतं. दोन वर्षांचं मूल आदळआपट करतं तेव्हा ते वय बोलतं. नऊ वर्षांचं करतं तेव्हा आणखी काहीतरी. हा फरक पुस्तकातून कळतो, पण हाताखाली शेकडो मुलं तपासल्याशिवाय मुरत नाही.

‘डीएम नसेल तर मुलाला दाखवू नये’

हे दुसरं टोक. इंटरनेटवर पदव्या शोधणाऱ्या पालकांत ते वाढतंय. भारतात या शाखेतलं डीएम सुरू होऊन फार वर्षं झालेली नाहीत. बेंगळुरूचं निमहान्स, चंडीगडचं पीजीआय अशा मोजक्या संस्थांत थोड्या जागा असतात. डीएम डॉक्टरांचीच वाट बघायची म्हटलं तर हिंगोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या मुलानं जायचं कुठे? एमडीच्या तीन वर्षांत मुलांच्या मानसिक आजारांचं शिक्षण येतं, आणि एमडी डॉक्टरनं मुलं तपासायला कायद्याची आडकाठी नाही. एडीएचडी, चिंता, नैराश्य, अंथरुणात लघवी होणं, यातलं बरंचसं जिल्ह्याच्या ठिकाणी सांभाळलं जातं आणि जावं. अगदी लहान वयातला गुंतागुंतीचा ऑटिझम, किशोरवयात सुरू झालेला सायकोसिस, औषधांना दाद न देणारा आजार, अशा वेळी पुढे पाठवणं योग्य.

खरी उणीव खालच्या पायरीवर आहे. एमबीबीएसला सायकियाट्रीचा स्वतंत्र पेपर नाही; तो विषय मेडिसिनच्या पोटात येतो. त्यामुळे ज्याच्याकडे आई आधी जाते तो फॅमिली डॉक्टर या बाबतीत जवळजवळ कोराच असतो. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते, हे आपल्याकडे आकडा सांगणारे सहसा सांगत नाहीत.

‘हे डॉक्टर गोळ्या सुरू करतात आणि त्या सुटत नाहीत’

ऑटिझमचा गाभा बदलणारं औषध नाही. तिथे गोळी देतात ती पराकोटीच्या चिडचिडीसाठी किंवा स्वतःला इजा करून घेणं थांबवण्यासाठी, आणि रिस्पेरिडोनसारखं औषध दिलं तर वजनावर लक्ष ठेवावं लागतं. एडीएचडीत मिथाइलफेनिडेट देताना दर भेटीत नाडी, रक्तदाब, उंची, वजन मोजून तक्त्यावर नोंदवायचं, हे रेसिडेंटच्या अंगवळणी पाडतात. तुमचा डॉक्टर हे मोजत नसेल तर विचारा. लहान वयात औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण हा उपचार असतो. अनेकांना तो उपचार वाटतच नाही, फी देताना तर नाहीच.

‘दाखल केलं की मुलाला एकटं ठेवतात’

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ याच्या नेमका उलट सांगतो. अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि त्याच्यासोबत पालक किंवा नेमलेली व्यक्ती राहायची. मुलगी असेल तर सोबत स्त्रीच हवी. दाखल केल्याचं ७२ तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. शॉक ट्रीटमेंट म्हणून ओळखला जाणारा उपचार मुलांना पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी यांशिवाय देता येत नाही.

‘परदेशात शिकलेला डॉक्टर जास्त चांगला’

ब्रिटनमध्ये दोन वर्षं फाउंडेशन, तीन वर्षं सर्वसाधारण मानसोपचार आणि तीन वर्षं मुलांचा. अमेरिकेत सर्वसाधारण रेसिडेन्सीनंतर दोन वर्षांची फेलोशिप. शिस्त उत्तम, देखरेख कडक, यात वाद नाही. पण इथलं काम इथेच शिकावं लागतं. मुंबईत १९३७ साली टाटांच्या समाजकार्य संस्थेशी जोडून बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं होतं, इतकी ही परंपरा जुनी आहे. बुद्धी आणि सामाजिक परिपक्वतेच्या परदेशी चाचण्या भारतीय मुलांसाठी बेतण्याचं मानसशास्त्रज्ञ मॅलिन यांचं काम नागपूरचं. त्या आजही ओपीडीत वापरात आहेत. दहावीत वाढीव वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी दाखला कुठून आणि कसा घ्यायचा, हे मँचेस्टरला कोणी शिकवत नाही.

पोक्सो कायद्याचंही तसंच. किशोरवयीन मुलामुलींशी बोलताना पहिलं वाक्य असतं, “तू सांगशील ते आपल्यातच राहील.” २०१२ च्या या कायद्यामुळे त्याला दुसरं वाक्य जोडावं लागतं. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, पालकांची इच्छा असो वा नसो. हे दुसरं वाक्य मुलाचं सगळं ऐकून झाल्यावर सांगायचं नसतं. गप्पांना सुरुवात होण्याआधीच, त्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगायचं असतं.