पाणी बघून गिझर घ्यावा

जुन्या गिझरच्या तळाचे नट सैल झाले, मिस्त्रींनी झाकण ओढलं आणि त्याच्यासोबत कॉइल बाहेर आली. धातू कुठे दिसतच नव्हता. कॉइलभोवती पांढुरका, खरबरीत थर जमला होता. पान्याने हलकेच ठोकलं तसे त्याचे कपचे पाटीत पडू लागले. शेजारी मॅग्नेशियमची कांडी असते, अॅनोड रॉड. ती मुळात बोटाएवढी जाड. इथे मधली तार तेवढी उरली होती. पाण्यातला गंजवणारा मारा टाकीच्या पत्र्याऐवजी या कांडीने सोसायचा असतो. ती संपली की पत्र्याची पाळी येते. आमची टाकी खालच्या जोडाला गळत होती.

“कॉइल बदलता येते ताई, टाकी गेली म्हणजे गिझर गेला,” मिस्त्री म्हणाले.

नगरच्या नागापुरात नळाला मुळा धरणाचं पाणी येतं, पण अनेक इमारतींत ते पुरत नाही आणि वरच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतं. जमिनीखालच्या काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. ते तापलं की क्षार सुटून कॉइलवर बसतो. क्षारातून उष्णता नीट जात नाही, त्यामुळे पाणी उशिरा तापतं, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जळते. म्हणून दुकानात जाण्याआधी आपल्या टाकीत कोणतं पाणी येतं ते बघावं. तोटीवर पांढरे डाग, साबणाला फेस नाही, ही जड पाण्याची घरगुती खूण. नुसत्या टीडीएसच्या आकड्यावर विसंबू नये. पाण्याचा जडपणा वेगळा तपासून मिळतो.

मग येतो घरातल्या आंघोळींचा हिशेब. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 20 अंशांचं धरलं, तर 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटं पुरतात. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की 40 अंशांचं 30 लिटर पाणी मिळतं. म्हणजे दीड बादली. 25 लिटरच्या गिझरातून 50 लिटर निघतं, पण पस्तीस मिनिटं थांबावं लागतं. एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट असलेल्या घरात पहाटे एकाची आंघोळ होते आणि पाठोपाठ शाळेची घाई सुरू होते. आमचंही तसंच, म्हणून आम्ही 25 लिटरचा घेतला.

नगरच्या उन्हात सोलर उत्तम चालतो. स्वतःची गच्ची असेल तर त्याचा विचार आधी करावा. आमची गच्ची सामाईक. शिवाय वरून खाली येणाऱ्या लांब पाईपातलं गार पाणी रोज ओतून द्यावं लागलं असतं. जड पाण्याने सोलरच्या बारीक तांब्याच्या नळ्या तुंबतात, तिथे काचेच्या नळ्या बऱ्या. गॅस गिझर पाणी झटपट देतो, पण बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आमच्या बाथरूमला धड झरोका नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खोक्यावरच्या स्टारचा अर्थही समजून घ्यावा. तापलेलं पाणी नुसतं उभं असताना किती उष्णता गमावतं, यावर ते स्टार ठरतात. गिझर तासन्‌तास चालू ठेवणाऱ्या घराला त्यांचा मोठा फायदा. पाणी तापताच वापरून बटण बंद करणाऱ्याला कमी. ‘8 बार’ हा आकडा उंच इमारतींसाठी किंवा प्रेशर पंपासाठी महत्त्वाचा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम एक बार असतो. जड पाण्याच्या घराने पैसे टाकायचे ते आतून काचेचा लेप असलेल्या टाकीवर, तसाच लेप दिलेल्या कॉइलवर आणि जाड कांडीवर. आयएसआयचा शिक्का मात्र हवाच.

बसवताना मिस्त्रींनी आधी अर्थिंग तपासलं, 16 अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी आहे याची खात्री केली, गार पाण्याच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह लावला. गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागल्यावरच बटण दाबलं. कोरड्या टाकीत कॉइल क्षणात जळते. काटा 60 च्या वर नेऊ नका, असंही बजावलं. त्यापुढे क्षार झपाट्याने बसतो.

पाणी जड असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, तळ उघडून क्षार काढावा आणि कांडी बघावी. नव्या टाकीच्या मानाने कांडीची किंमत किरकोळ असते. म्हणून दुकानदाराला सवलतीच्या आधी एक गोष्ट विचारावी: या गिझरची कांडी इथे मिळते का, आणि ती बदलायला कोण येईल? ज्याच्याकडे याचं धड उत्तर असेल, त्याच्याकडूनच गिझर घ्यावा.