गिरणीच्या फाटकापासून येरळेच्या वाळूपर्यंत

महाराष्ट्रातल्या डाव्या चळवळीचे जुने आणि नवे असे दोन भाग पाडायची पद्धत आहे. जुने म्हणजे गिरणगावातला लाल बावटा आणि नवे म्हणजे १९७२च्या दुष्काळापासून पुढे शहादा, धुळे, खानापूर अशा भागांत उभ्या राहिलेल्या संघटना. या दोघांतली भांडणं बहुतेक मार्क्सच्या अर्थावरून झाली. मला मात्र या विषयाचा नाद लागल्यापासून वाटत आलं आहे की, खरा फरक एकाच प्रश्नात आहे: कष्टकरी म्हणून कोणाकोणाला मोजायचं?

जुन्यांचा इतिहास भराभर सांगतो, तो पुस्तकांत भरपूर सापडतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद पडल्या, त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्या मार्चमध्ये कम्युनिस्ट पुढारी डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर यांना मीरत कटाच्या खटल्यात पकडलं. १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, गोदूताई परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिल्या. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला.

पण १९२८च्याच संपातली एक गोष्ट घाईत उरकण्यासारखी नाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी चांगली मिळे, आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. कारण मागावर सूत नेणाऱ्या धोट्यात. कांडी संपली की नवी बसवायची आणि धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यायचं. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून सवर्ण साचेवाले अस्पृश्यांना शेजारी उभं राहू देत नसत. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढाऱ्यांचं म्हणणं होतं, वर्ग एक झाला की जात आपोआप जाईल. मला ते त्या वेळच्या चळवळीचं सर्वांत महाग पडलेलं वाक्य वाटतं. पन्नास वर्षांनी, १९७८ साली, धुळ्याचे शरद पाटील याच मुद्द्यावर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्सला फुले-आंबेडकरांची जोड दिल्याशिवाय इथला समाज उलगडत नाही, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

शहाद्याला १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. भिल्लांचा पुढारी अंबरसिंग सुरतवंती हा आधी भजनं म्हणणारा माणूस. शहरातून शिकलेली तरुण मुलं तिथे जाऊन राहिली. सालदारीच्या आणि बळकावलेल्या जमिनींच्या लढ्यातच बायकांनी दारूचे गुत्ते फोडायला सुरुवात केली. दारू हा कामगार चळवळीचा प्रश्न असू शकतो, हे ठरवायला त्यांना कुठल्या ठरावाची वाट पाहावी लागली नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या जागेकडे येतो: सांगली जिल्ह्यातलं बळीराजा धरण. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता. संपकरी माणूस रोजगार हमीच्या कामावर खडी फोडू लागला आणि विचारू लागला, की दरवर्षी हीच खडी का फोडायची, पाण्याचं काही का करायचं नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. युनियनमध्ये हिशेब मागायला शिकलेल्या माणसांनी दुष्काळाचा हिशेब मागितला. म्हणूनच नव्या डाव्यांनी जुन्यांशी नातं तोडलं, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते आणि विहिरींचं पाणी खाली जात होतं. चळवळीने म्हटलं, उपसा थांबवा. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी थोडीच वाळू आपण विकून त्या पैशातून बंधारा घालायचं ठरवलं. त्यासाठी सरकारशी बरंच झगडावं लागलं. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने साथ दिली, मुंबईहून विद्यार्थी श्रमदानाला आले. आणि पाणीवाटपाचा नियम ठरला तो असा, की पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळेल, भूमिहीनालाही वाटा. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी पाण्याचं तत्त्व आधीच रुजवलं होतं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मी बलवडीला गेलो तेव्हा तिथल्या एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारलं, ‘‘अहो, तहान काय एकराला लागते का?’’ वाटपाचं इतकं नेमकं समर्थन मी एकाही जाहीरनाम्यात वाचलेलं नाही.

धरणाचं बळीराजा हे नावही पाहा. फुल्यांनी बळीला रयतेचा राजा मानलं. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी त्याच्याच राज्याची वाट पाहतात. जुन्या पिढीने बहुधा एखाद्या रशियन पुढाऱ्याचं नाव दिलं असतं.

सांगलीच्याच वाळवा तालुक्याबद्दल थोडं विषयांतर करतो. लाल बावटा कलापथकाचे अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. मुक्ती संघर्ष आणि श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर त्याच तालुक्यातल्या कासेगावचे, आईवडील दोघेही इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले. अमेरिकेतून महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करायला आलेल्या गेल ऑम्वेट याच घरात सून म्हणून आल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ साली कासेगावातच वारल्या. प्रतिसरकारचे सेनानी नागनाथअण्णा नायकवडीही वाळव्याचेच. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी आटपाडीत परिषदा भरू लागल्या तेव्हा नागनाथअण्णा आणि पाटणकर एकाच लढ्यात होते. या तालुक्यात जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते मला अजून दाखवता आलेलं नाही.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचे हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत आले. दहावीच्या मुलांची परीक्षा म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून आझाद मैदान गाठलं. संघटना जुन्या परंपरेतली, पण मोर्चात सर्वाधिक होते ते वनजमिनीचे दावे अडकलेले आदिवासी. कष्टकऱ्यांची मोजणी जुन्या घरातही रुंदावली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. बळीराजाच्या नियमाचं मात्र तसं झालेलं नाही. कालव्याचं पाणी आजही बहुतेक ठिकाणी सातबारा पाहूनच सुटतं. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला पाण्याचा वाटा द्यायचा, ही मागणी पाणीवाटपाच्या कायद्यात यायला हवी आणि ती जुन्या-नव्या सगळ्या बावट्यांनी मिळून लावून धरायला हवी.