बारदानावरील शिवण : घरगुती कलाकामासाठी यंत्र कोणते घ्यावे?

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने शिवणयंत्राविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु पोत्यांची तोंडे शिवण्याचे यंत्र आमच्या वखारीत नित्य चालते, आणि घरातील एका प्रसंगाने त्याच्याकडे नव्याने पाहावयास आम्हांस लाविले.

आमच्या नातीने कुडणे येथील प्राचीन जैन बस्तीच्या अवशेषांचे भित्तिचित्र करावयास घेतले. कारापुराहून कुडणे जवळच. चित्र रंगांचे नव्हे. जांभ्या दगडासाठी बारदान, आकाशासाठी आमच्या मातोश्रींचे जीर्ण इरकली लुगडे, पायऱ्यांसाठी पेढीच्या रद्द वह्यांची पाने, असे सारे शिवून एकत्र आणावयाचे. कलाशाळांत यास मिश्र माध्यम म्हणतात. घरात यंत्र नव्हते. एका चित्रासाठी मोठा खर्च कशास, या विचाराने आम्ही मुठीत मावणारे, सेलवर चालणारे एक छोटे यंत्र आणून दिले. तिसऱ्या दिवशी ते बारदानाच्या घडीवर अडले, लुगड्याचा पदर आत ओढला गेला आणि वीतभर फाटला. मातोश्रींस जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तसले दुसरे लुगडे घरात नाही. शिवाय आधी घातलेली एक ओळ, सुटे टोक हाती येताच, सबंध उसवली.

ती उसवण पाहिली आणि चूक कोठे झाली ते आमच्या ध्यानात आले. पोत्याचे तोंड पुष्कळ ठिकाणी एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने शिवतात. योग्य टोक धरून ओढले की पोते क्षणात मोकळे होते. हमालास सुरी लागत नाही. पोत्यास जो गुण, तोच चित्रास दोष. त्या मुठीतल्या यंत्राचा टाकाही हाच होता. घरगुती कामास हवा तो दोन दोऱ्यांचा बंद टाका : वरचा दोरा सुईतून व खालचा बॉबिनमधून येतो, आणि दोहोंची गाठ कापडाच्या पोटात पडते. एक दोरा तुटला तरी ओळ सहजी उसवत नाही. सुईच्या टोकाजवळ नेढे असलेल्या अशा यंत्राचे एकस्व अमेरिकेत एलियास हाऊ यांस 1846 साली मिळाले. पुढे 1851 पासून सिंगर यांनी त्याचा प्रसार केला. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्माजींनीही 1924 साली सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद मानले होते. आपल्या देशात 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे काढली, आणि लुधियाना हे तर या धंद्याचे मोठे केंद्रच झाले.

आमचा अभिप्राय असा की, थोड्या पैशांत काम व्हावयाचे असेल तर सरळ टाक्याचे, लोखंडी घडणीचे, साधे काळे यंत्र घ्यावे. जुने मिळाल्यास अधिक उत्तम. नागमोडी टाक्याच्या नव्या विजेच्या यंत्रास दीडपट-दुप्पट किंमत पडते. त्याने ठिगळाची कातरलेली कड चांगली बांधली जाते हे खरे. पण कड आत दुमडून सरळ टाका घातला तरी भागते. गोधड्या शिवणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आल्या आहेत. हातमशीन स्वस्त असते, परंतु एक हात चाकावर गुंतल्याने कापड फिरविण्यास एकच उरतो, आणि चित्रकामास दोन्ही हवेत. म्हणून पायमशीन बरे. पावसाळ्यात वीज गेली तरी ते थांबत नाही.

जुन्या गोवेकर घरांतून पोर्तुगीज अमदानीत आलेली परदेशी यंत्रे अजून आढळतात. दिसावयास देखणी, परंतु होडीच्या आकाराचे लांबट शटल असेल तर त्याचे बॉबिन मिळविताना नाकी नऊ येतात. सुई आणि बॉबिन साखळी, डिचोली किंवा म्हापशाच्या साध्या दुकानात मिळते काय, हे किंमत बोलण्यापूर्वी विचारावे.

पोत्यात परखी खुपसून नमुना पाहिल्याविना आपण माल उचलत नाही, येथेही तेच. विक्रेत्याने पुढे केलेल्या कडक सुती चिंधीवर कोणतेही यंत्र सुरेख चालते. आपला माल आपण न्यावा : बारदानाचा तुकडा, जुने मऊ कापड, वहीचे पान. प्रथम चाक हाताने फिरवून पाहावे. कोठे अडत असेल, सुई पट्टीच्या छिद्रात मधोमध न उतरता कडेस घासत असेल, तर पुढे जाऊ नये. मग बारदानाच्या दुहेरी घडीवर शिवावे आणि कापड उलटून पाहावे. खाली दोऱ्याची जाळी दिसली तर बहुधा वरचा ताण सैल आहे, किंवा दोरा नीट ओवलेला नाही. ते दुरुस्त होते. झिजलेले शटल मात्र खर्चात पाडते.

कागदावर टाका लांब ठेवावा. बारीक टाक्याने टपाल-तिकिटांच्या ताव्यासारखी छिद्रे पडून पान तेथेच फाटते. कागदाने सुई बोथट होते, तेव्हा त्यासाठी जुनी सुई वेगळी ठेवावी. बारदानास 16 किंवा 18 क्रमांकाची, जुन्या लुगड्यास 11 क्रमांकाची सुई लावावी, आणि लुगड्यामागे सुती अस्तर द्यावे. तागाचे तूस कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांखाली साचते. ते दर बैठकीनंतर कुंच्याने काढावे.

वेड्यावाकड्या रेषांसाठी हे दाते खाली उतरवावे लागतात. ती सोय यंत्रात नसेल तर त्यांवर पातळ पट्टी बसवितात आणि कापड हाताने फिरवितात. नातीने फाटलेल्या पदरामागे अस्तर लावून त्या जागी याच रीतीने पावसाचे ढग शिवले. त्यासाठी घेतलेले पायमशीन जुने आहे. त्याची किंमत आणि त्या पहिल्या खेळण्यात बुडालेली रक्कम यांत फार अंतर नाही, असे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

आपल्या समाजातील कुटुंबांनी आणखी एक पाहावे. पायमशीनचा पट्टा पूर्वापार चामड्याचा असतो. प्लॅस्टिकचा गोल पट्टाही मिळतो व चांगला चालतो. दुकानदारास आधीच सांगावे. चंदरवे-तोरणे शिवताना ज्यांस रेशीम वर्ज्य आहे त्यांनी सुती किंवा कृत्रिम रेशमाचे कापड व दोरा वापरावा. यंत्रास केवळ शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल द्यावे. खोबरेल घातल्यास ते कालांतराने चिकट होऊन यंत्र जड चालते. मृगापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे यंत्र कोरड्या फडक्याने पुसून झाकून ठेवितात, आणि तेल दिल्यावर प्रथम चिंधीवर चार ओळी शिवून मगच चित्राचे कापड खाली घेतात.