पाळणाघर, बालवाडी आणि घरातली थोरली मुलगी

जून महिना जवळ आला की वस्तीत एकच चर्चा सुरू होते. तीन वर्षांच्या पोराला घालायचे कुठे? गल्लीच्या तोंडावरच्या इंग्रजी नर्सरीत की अंगणवाडीत? नर्सरीची फी, गणवेश, बूट, दप्तर असा खर्च आईबाप पोटाला चिमटा काढून करतात. अंगणवाडीचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते, "तिथे काय, पोरं खिचडी खाऊन घरी येतात." या दोन्ही बोलण्यांत किती तथ्य आहे ते पाहावे म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही चार किरकोळ रजा खर्ची घातल्या. महिला मंडळातल्या दोघी भगिनींना बरोबर घेतले आणि एक खासगी नर्सरी, दोन अंगणवाड्या व एक घरगुती पाळणाघर पाहून आलो. कुणाची बदनामी करणे हा हेतू नसल्यामुळे नावे देत नाही.

नर्सरीची पाटी मोठी होती, भिंतीवर रंगीत चित्रे होती. आत एका खोलीत चाळीसच्या वर मुले बाकांवर दाटीवाटीने बसलेली आणि त्यांच्यासमोर जेमतेम विशीतली एक बाई. तीन वर्षांची मुले ठिपक्यांवरून अक्षरे गिरवत होती. एका पोराने "बाई, पाणी" म्हटले तर "इंग्लिशमध्ये बोल" अशी तंबी मिळाली. ते पोर गप्प बसले आणि पाणी न पिताच बसून राहिले. दुसऱ्या एका मुलाची चड्डी ओली झाली होती. ती सुटण्याच्या वेळेपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या बाईंना आम्ही दोष देणार नाही. चाळीस पोरांपुढे एकटी बाई काय करणार? २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. तीस मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटरची खोली असावी, असेही त्यात आहे. फी भरण्यापूर्वी हे दोन आकडे विचारणारा पालक आम्हांला अजून भेटायचा आहे.

पहिल्या अंगणवाडीत वेगळीच तऱ्हा. आम्ही कारकुनी पेशातले, रजिस्टर पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. हजेरीत मुले पुष्कळ होती, सतरंजीवर त्याच्या निम्मीही नव्हती. सेविका मोबाईलवर माहिती भरत होत्या, मुले भिंतीला टेकून खिचडीची वाट पाहत होती. विचारल्यावर त्या चिडल्या नाहीत, उलट कामांची यादीच सांगितली. वजने, गृहभेटी, गरोदर मातांची नोंद, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणे, वर निरनिराळी सर्वेक्षणे. या साऱ्या कामाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. राज्यातल्या सेविका-मदतनीस डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ दोन महिने संपावर होत्या, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी त्यांच्या मागण्या वाचल्या?

आता दुसरी अंगणवाडी. तीच योजना, तेच मानधन, खोली तर पहिलीपेक्षा लहान. पण आत गेल्याबरोबर फरक कळला. सेविका खाली मुलांत बसल्या होत्या. एक गट चिंचोके मोजत होता. पाच एका वाटीत, तीन दुसऱ्या वाटीत, मग दोन्ही एकत्र करून पुन्हा मोजायचे. दोन मुली जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडत होत्या. बरोबरच्या भगिनी हसून म्हणाल्या, "हे कसलं शिक्षण?" सेविकांनी समजावले की फाडणे, मणी ओवणे, मळलेल्या कणकेचे गोळे करणे यातून बोटांत बळ येते, मगच पेन्सिल धरता येते, बोटे तयार नसताना गिरवायला लावले तर मुलाला लिहिण्याचाच कंटाळा येतो. एका मुलाला त्यांनी विचारले, "आज येताना काय पाहिलंस?" तो पाच मिनिटे कुत्र्याच्या पिल्लांची गोष्ट सांगत होता आणि बाई मध्ये न तोडता ऐकत होत्या. स्वतःच्या बोलीत इतके सलग बोलणारे मूल पुढे कोणतीही भाषा शिकेल, इंग्रजीसुद्धा. खिचडीच्या आधी मदतनीसबाईंनी प्रत्येकाचे हात साबणाने धुतले आणि न जेवणाऱ्या पोरीजवळ जाऊन बसल्या. त्या पोरीच्या दंडाचा घेर त्यांनी आदल्या आठवड्यात मोजला होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा हा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषित धरतात. ही पोर त्याच्या थोडी वर होती, म्हणूनच तिच्यावर नजर होती.

अंगणवाडी ही गरिबांची शाळा म्हणून हिणवणाऱ्यांना तिचा जन्म कसा झाला हे ठाऊक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गोरगरिबांची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात भरवायची असे ठरले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत मुंबईची धारावी होती. आणि पाळणाघराविषयी म्हणाल, तर बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. खाणींवर स्त्री-मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकांवर बंधनकारक करणारी दुरुस्ती त्याच काळात, १९४५ साली झाली. कामकरी आईचे मूल ही तिची एकटीची अडचण नव्हे, हे तेव्हा कायद्यात आले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. अंगणवाडी सुटते दुपारी, फार तर चार तासांनी. आई धुणीभांड्याला, कारखान्यात किंवा सफाईच्या कामाला गेलेली, ती परतते संध्याकाळी. मधल्या वेळात मूल कोण सांभाळते? आम्ही ज्या घरांत विचारले, तिथे बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले, थोरली मुलगी. एका घरातली सातवीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवते. आईला ठाऊक आहे, तिचा नाइलाज आहे. आम्ही पाहिलेले घरगुती पाळणाघर स्वच्छ होते, मावशी मायाळू होत्या, पण महिन्याचे पैसे त्या आईला झेपणारे नव्हते. म्हणजे धाकट्याला धड पाळणाघर मिळाले नाही तर मागे पडते ती त्याची बहीण. नर्सरीची फी भरताना आपण मुलाचा विचार करतो, हा हिशेब वहीत कुठे लिहीतच नाही.

यावर करता येण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. जागा नाही, ही सबब नेहमी पुढे येते. आपल्या बुद्धविहारांचे दार आठवड्यातले सहा दिवस दिवसभर बंद असते. तिथे पंखा आहे, नळ आहे, फरशी आहे. विहार समितीने ठराव करून दिवसाची जागा देऊ केली तर ती सबब उरत नाही. "घाण होईल" असे म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक समितीत असतात. त्यांच्या नातवंडांनाही तिथे बसवावे, म्हणजे झाडूही वेळेवर लागेल.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करावा. सोबत सहा वर्षांखालच्या मुलांची यादी जोडावी. तीत मुलाचे नाव, जन्मतारीख, आईच्या कामाची वेळ आणि दुपारी मूल कोण सांभाळते हे चार रकाने असावेत. चौथा रकाना कुणी मागणार नाही, तरी तो भरावा. खाली मातांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे असतात.