पहिला क्रमांक कोणाचा?

श्रोतेहो, आपल्या आवडत्या दहा चित्रपटांची क्रमवार यादी करा असें कोणी सांगितलें, तर पहिलीं चार-पांच नांवें आपण चटकन् लिहितों आणि मग लेखणी अडते. तीच यादी चार मित्रांत वाचून दाखविली म्हणजे तर रणच माजतें. हा वाद पोरकट आहे असें पुष्कळ शहाण्या माणसांना वाटतें. मला तसें वाटत नाहीं. मात्र तो कसा करावा याची एक रीत आहे, आणि ती न पाळल्यामुळें जुने स्नेहीही दुरावतात. त्या रीतीविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

आमच्या वरोऱ्याला हा छंद परका नाहीं. ज्यांनीं येथें आनंदवन उभें केलें, ते बाबा आमटे तरुणपणीं चित्रपटांचे मोठे शौकीन होते. 'पिक्चरगोअर' या इंग्रजी नियतकालिकासाठीं ते परीक्षणें लिहीत, आणि ग्रेटा गार्बो व नॉर्मा शिअरर या नट्यांशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. तेव्हां हा केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं.

आतां वादाकडे वळूं. 'बहुमतानें क्रम ठरवा, म्हणजे भांडण मिटेल,' असें कोणीतरी हटकून सुचवितो. तें करून पाहूं. समजा, तीन मित्र आहेत आणि चित्रपटही तीनच आहेत: १९३६ चा 'संत तुकाराम', १९५३ चा 'श्यामची आई' आणि १९७४ चा 'सामना'. पहिल्या मित्राचा क्रम याच ओळीनें आहे. दुसऱ्याच्या मतें 'श्यामची आई' पहिला, 'सामना' दुसरा आणि 'संत तुकाराम' तिसरा. तिसऱ्याचा क्रम 'सामना', 'संत तुकाराम', 'श्यामची आई' असा आहे. आतां मतें मोजा. 'संत तुकारामा'ला 'श्यामची आई'पेक्षां दोघे सरस मानतात. 'श्यामची आई'ला 'सामना'पेक्षां दोघे सरस मानतात. मग 'संत तुकाराम' 'सामना'हून सरस ठरावयास हवा कीं नाहीं? परंतु तेथेंही दोन मतें 'सामना'कडेच पडतात! पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक असे गुण दिले, तरी प्रत्येकाला सहाच मिळतात. तिघेही शहाणे, तिघांचेही क्रम सुसंगत. तरी मंडळाचा क्रम मात्र बैलाच्या घाण्यासारखा फिरत राहतो. कोंदोर्से नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें १७८५ सालींच ही अडचण दाखवून दिली होती.

तात्पर्य, डोकीं मोजून हा वाद नेहमीं सुटेलच असें नाहीं. मग उरतात तीं कारणें, आणि येथें एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. आमच्या सायंकाळच्या बैठकींतील एक सद्गृहस्थ 'श्यामची आई'ला सदैव पहिलें स्थान देत. एका तर्कपटु मित्रानें एके दिवशीं त्या चित्रपटाचे दोष एकामागून एक काढून दाखविले. सद्गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. पण पुढें महिनाभर बैठकीला फिरकलेही नाहींत. मागाहून कळलें, कीं आईच्या शेजारीं बसून त्यांनीं पाहिलेला तो एकमेव चित्रपट होता. तर्क चुकीचा नव्हता. तो चुकीच्या दारावर थाप मारीत होता.

म्हणून माझें सांगणें असें, कीं वहींत दोन रकाने आंखावे: एक 'आवडते' आणि दुसरा 'श्रेष्ठ'. पहिल्या रकान्याला कोणी जाब विचारूं नये. बाबांचे पुत्र प्रकाश आमटे यांच्या हेमलकशांतील कार्यावर २०१४ सालीं निघालेला चित्रपट वरोरेकरानें पहिल्या रकान्यांत शिरोभागीं ठेवला, तर त्यांत नवल काय? दुसऱ्या रकान्यांत मात्र प्रत्येक नांवापुढें कारण लिहिलेंच पाहिजे. 'संत तुकाराम' कां? तर विष्णुपंत पागनिसांची भक्ति अभिनय वाटत नाहीं, आणि गौरीनें रंगविलेली तुकोबांची पत्नी भुकेल्या संसाराची बाजू तितक्याच जोरानें मांडते. 'सामना' कां? तर श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव यांच्या झुंजींत विजय तेंडुलकरांची लेखणी कोणालाच सोपी सुटका देत नाहीं. अशा कारणांवर वाद झाला, तर हरणाराही कांहीं मिळवूनच घरीं जातो.

क्रम बदलला म्हणून लाजूंही नये. इंग्लंडांतील 'साइट अँड साउंड' हें मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनीं समीक्षकांचीं मतें घेतें. प्रथम 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट अग्रस्थानीं होता. १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' होता, २०१२ सालीं 'व्हर्टिगो' आला, आणि २०२२ सालीं शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या १९७५ च्या चित्रपटानें तें स्थान पटकाविलें. चित्रपट तेच राहिले, पाहणारे बदलले.

शेवटीं एक गोष्ट. १९३१ सालचा 'आलम आरा' हा आपल्या देशाचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उरलेली नाहीं. तो चांगला होता कीं सामान्य, हें आतां कोणालाही पारखतां येणार नाहीं आणि कोणाच्याही यादींत तो सातवा कीं आठवा असा प्रश्न उठणार नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तें अशा नाशाला आळा घालण्यासाठींच. पण संग्रहालय फिती जपतें. त्या कोणी मागून पाहाव्या ही इच्छा जपणें आपल्याकडे आहे. ज्या चित्रपटावरून चार माणसें अजून भांडतात, तो चित्रपट पुन्हां पाहिला जातो. तेव्हां श्रोतेहो, यादी अवश्य करा, कारणें लिहा, आणि घरांतील मुलांनाही त्या वादांत ओढा. पहिला क्रमांक कोणाचा, हें ठरलें नाहीं तरी चालेल.