हजार लिंकांपेक्षा एक ओळख बरी

समजा, भाईंदर पूर्वेला तुमचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. वेबसाइट केलीत, पण तिकडे कुणी फिरकत नाही. मग कुणीतरी सांगतं, "पैसे द्या, हजार लिंका लावून देतो." जरा थांबा!

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'पेजरँक' मांडला. त्यात लिंक म्हणजे मत. पण पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. हजार लिंकांच्या पानावरून तुम्हाला मिळणार हजारावा हिस्सा! शिवाय २०१२ च्या 'पेंग्विन' बदलात गूगलने अशा विकतच्या लिंकांवर बडगाच उगारला.

त्यापेक्षा तुमची भांडी वापरणाऱ्या केटररलाच त्याच्या साइटवर तुमची लिंक द्यायला सांगा. तिथून गिऱ्हाईकही येतं.